डीटी-८३०डी मल्टिमीटरची दुरुस्ती: आधी ओहम, मग व्होल्ट

८ जून २०२४, शनिवार

दुरुस्तीला घेतलेली वस्तू: पिवळ्या प्लास्टिकच्या डब्यातला, हातात मावणारा डीटी-८३०डी, म्हणजे व्होल्ट, करंट आणि ओहम मोजणारा मल्टिमीटर. या नमुन्याचे मीटर किती कारखान्यांतून निघतात याला गणती नाही. आतला बोर्ड थोडाफार वेगळा असतो, मांडणी मात्र तीच. म्हणून पुढे कुठेही बोर्डावर छापलेले आर-१, आर-२ असे क्रमांक दिलेले नाहीत. ते प्रत्येक बोर्डावर बदलतात, रेझिस्टन्सच्या ओहममधल्या किमती बदलत नाहीत.

न उघडता दिसलेली लक्षणं:
मधल्या अंकाची आडवी रेघ उमटत नाही, त्यामुळे ८ चा ० दिसतो.
२० व्होल्टच्या रेंजवर दशांश टिंब कधी दिसतं, कधी नाही.
२०० मिलिअँपिअरच्या रेंजवर करंट जातो, पण आकडा पटत नाही.
पेन्सिल सेल १४००च्या आसपास दाखवतो. घरातला सॉकेट मात्र बरोबर दाखवतो, असं मीटरबरोबर आलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. सेल चुकीचा आणि मेन्स (घरातली वीज) बरोबर, हे सहजी होत नाही. दोन्हीकडे मोजणारी चिप एकच आणि ती ज्याच्याशी तुलना करून आकडा काढते तो संदर्भाचा व्होल्टेजही एकच असतो.

आत ६एफ२२ जातीची ९ व्होल्टची बॅटरी होती, ५.८ व्होल्टवर आलेली आणि पाझरलेली. ही झिंक-कार्बनची बॅटरी. तिच्यातून येणारा द्रव आम्लधर्मी असतो, म्हणून इथे व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये. ते अल्कलाइन सेलसाठी ठीक, कारण तिथे पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. इथे खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट जुन्या टूथब्रशने क्लिपवर घासली, ओल्या कापडाने पुसली आणि शेवटी अल्कोहोल लावलं. क्लिपची काळी वायर सोलून पाहिली तर तांबं आत दोन सेंटिमीटरपर्यंत काळं पडलेलं. अशा तांब्याला सोल्डर धरत नाही. घासत बसण्यापेक्षा क्लिपच नवी लावावी.

नवी बॅटरी लावल्याशिवाय एकही आकडा लिहून ठेवू नये, त्याचं कारण २३ तारखेच्या नोंदीत.

९ जून, रविवार

मागचे दोन स्क्रू काढले. मीटर परातीत ठेवून उघडला, कारण नॉबच्या दोन बाजूंना दोन बारीक स्प्रिंगा आणि त्यांच्या टोकाला दोन लोखंडी छर्रे असतात. नॉब फिरवताना टक्-टक् होतं ते त्यांच्यामुळे. बोर्ड उचलला की नॉब सैल होतो आणि छर्रे उडतात. परातीच्या काठामुळे ते जमिनीवर जात नाहीत. छर्रे आणि स्प्रिंगा बाटलीच्या झाकणात ठेवल्या.

बोर्ड तीन स्क्रूंवर होता. भिंगाखाली चार गोष्टी दिसल्या.

पहिली, ५ बाय २० मिलिमीटरचा काचेचा फ्यूज उडालेला आणि त्यावर तांब्याची एक तार गुंडाळलेली. मिलिअँपिअरच्या रेंजवर करंट जात होता तो या तारेतून.

दुसरी, एका मेटल फिल्म रेझिस्टन्सचा रंग मधोमध करपलेला. पट्ट्या तपकिरी, काळा, काळा, काळा अशा असाव्यात, म्हणजे १०० ओहम. नक्की सांगण्याइतके रंग उरलेले नाहीत.

तिसरी, बोर्डावरचा एकुलता एक प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून आकडा जुळवायचा छोटा बदलता रेझिस्टन्स. कारखान्यातून येताना त्यावर रंगाचा किंवा लाखेचा थेंब असतो. इथे तो फुटलेला, म्हणजे कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घातला आहे.

चौथी, चिप. सुटी आयसी नाही, बोर्डावरच बसवलेला काळा थेंब. आतली चिप आयसीएल-७१०६ च्या घराण्यातली आहे, म्हणजे व्होल्टेज मोजून आकडा थेट काचेवर दाखवणारी. पाय दिसत नाहीत, पण तिचं वागणं ७१०६ सारखंच असतं, आणि पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे. हा थेंब मेला असेल तर घरी करण्यासारखं काही नाही, म्हणून बाकी कशालाही हात लावण्याआधी तो जिवंत आहे का ते पाहायचं.

तपासण्या दोन. बॅटरीच्या वाटेत दुसरा मीटर लावून करंट पाहिला: १.२ मिलिअँपिअर. ७१०६ आणि भोवतालचे रेझिस्टन्स मिळून साधारण एवढाच करंट घेतात. दहा-वीस मिलिअँपिअर आले असते तर चिप आतून शॉर्ट समजली असती. मग बॅटरीच्या प्लसपासून कॉम सॉकेटपर्यंतचा (कॉमन, जिथे काळी पिन लावतात) व्होल्टेज: २.९५ व्होल्ट. ही चिप कॉमनची पातळी प्लसच्या सुमारे ३ व्होल्ट खाली स्वतः धरून ठेवते. ती जागेवर आहे, म्हणजे चिपचा संदर्भ चालू आहे. दुरुस्ती करण्यात अर्थ आहे.

१५ जून, शनिवार

डिस्प्ले. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये रबराची पट्टी असते तिला झेब्रा म्हणतात. वीज वाहणारे काळे आणि न वाहणारे पांढरे असे सिलिकॉनचे पापुद्रे तिच्यात आलटून पालटून असतात. बोर्डावरच्या एका पॅडखाली असे बरेच काळे पापुद्रे येतात, म्हणून पट्टी केसभर सरकली तरी बिघडत नाही. बिघडतं ते धूळ, बोटाचं तेल किंवा कमी दाब यांमुळे. आडवी रेघ जात होती तिथे काचेच्या चौकटीवर अंगठा दाबला तर रेघ येत होती. म्हणजे चिपचा दोष नाही, स्पर्शाचा आहे.

काच काढण्याआधी तिच्या एका कोपऱ्याला मार्करने खूण केली. उलटी बसली तर काहीच्या बाही रेघा उमटतात आणि चिप गेल्याचा गैरसमज होतो. बोर्डावरचे पॅड आणि काचेची कड ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. झेब्रा पट्टी चिमट्याने धरून, अल्कोहोल लावलेल्या कपड्यावरून दोन्ही कडा एकदाच अलगद ओढल्या. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यातलं काही वापरू नये. रबर फुगतं आणि काचेवरचा पोलरायझरचा पापुद्रा पांढरा पडतो. पट्टीला बोट लावायचं नाही, नाहीतर पुसलेलं वाया जातं.

सगळ्या रेघा एकदम तपासायच्या तर सुट्या ७१०६ मध्ये टेस्ट नावाचा पाय असतो, तो या थेंबातून बाहेर आलेला नाही. सोपा उपाय असा: ५ किलोओहमचा प्रीसेट घ्यायचा, मीटर २००० ओहमच्या रेंजवर ठेवायचा आणि आकडा १८८८ येईपर्यंत प्रीसेट फिरवायचा. तिन्ही पूर्ण अंकांच्या सातही रेघा आणि पुढचा १ यात दिसतो. उणे चिन्हासाठी व्होल्टच्या रेंजवर सेल उलटा लावायचा. सगळं उमटलं.

दशांश टिंबाचं प्रकरण वेगळं निघालं. टिंबाचा सिग्नल नॉबच्या संपर्कातून फिरून येतो, कारण टिंब कुठे हवं ते रेंजवर ठरतं. म्हणजे टिंब गायब असेल तर काचेआधी नॉब तपासावा. बोर्डावरच्या गोल पट्ट्यांवर काळपट थर होता. शाळकरी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून अल्कोहोलने पुसला. सँडपेपर लावला तर पट्टीवरचा मुलामा निघून खाली उघडं तांबं राहतं आणि ते एका पावसाळ्यात हिरवं पडतं. नॉबच्या पितळी पात्यांपैकी एक चपटं झालेलं, ते चिमट्याने अर्धा मिलिमीटर वर उचललं. पट्ट्यांवर पेट्रोलियम जेली अगदी पुसट लावली. जोडताना छर्रे निसटू नयेत म्हणून तीच जेली स्प्रिंगांच्या तोंडाशीही लावली.

फ्यूजवरची तार काढली. २०० मिलिअँपिअर, २५० व्होल्टचा, लवकर उडणारा काचेचा फ्यूज बसवला. पुण्याच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. आपल्याकडे मिळत नाही म्हणून ५ अँपिअरचा टाकण्यात अर्थ नाही. आत १ ओहमचा शंट आहे, म्हणजे करंट मोजायला त्याच्या वाटेत ठेवलेला रेझिस्टन्स, तो फ्यूजआधी जळेल.

१६ जून, रविवार

आता मोजमाप. जोडीला ०.५ टक्के अचूकतेचा दुसरा मीटर. दोन्ही मीटर एकाच वेळी त्याच दोन टोकांना लावायचे, म्हणजे दोघांना दिसणारा व्होल्टेज एकच राहतो. एकामागून एक लावले तर तेवढ्यात सेल उतरतो, आणि मीटरचा स्वतःचा भारही वेगळा पडतो.

खाली पहिला आकडा दुसऱ्या मीटरचा, दुसरा आपल्या मीटरचा.

व्होल्ट:
पेन्सिल सेल, २००० मिलिव्होल्टची रेंज: १५८३ – १४६०
९ व्होल्टची बॅटरी, २० व्होल्टची रेंज: ९.३१ – ८.६०
तीन बॅटऱ्या एकापुढे एक, २०० व्होल्टची रेंज: २७.८ – २५.९
त्याच तीन, १००० व्होल्टची रेंज: २७.८ – २८
घरातला सॉकेट, एसी ७५० व्होल्टची रेंज: २३१ – २३१

करंट: ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर आणि ४७ ओहम २ वॉटचा रेझिस्टन्स, दोन्ही मीटर एका ओळीत. २०० मिलिअँपिअरची रेंज: १०२.६ – ९४.६

ओहम (मीटरच्या वायरी आणि पिनांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करून):
२०० ओहमची रेंज: ९९.८ – ९२.१
२००० ओहमची रेंज: ९९८ – ९९०
२० किलोओहमची रेंज: १०.०३ – १०.०२
२०० किलोओहमची रेंज: ९९.९ – ९९.९

सॉकेट मोजताना भिंतीवरचा स्विच बंद ठेवून पिना बसवल्या, हात काढून घेतले, मग स्विच चालू केला. आकडे वाचून स्विच बंद, मग पिना बाहेर. पिना हातात धरून सॉकेटमध्ये चाचपडण्याची गरज नसते.

हे आकडे एकाखाली एक मांडले की दोष स्वतःच बोलतो. ओहमपासून सुरुवात करावी. ७१०६ रेझिस्टन्स मोजते तेव्हा संदर्भाचा व्होल्टेज वापरतच नाही. आतला एक ठरावीक रेझिस्टन्स आणि बाहेरचा अनोळखी रेझिस्टन्स एकाच करंटच्या वाटेवर ठेवते आणि दोघांवरच्या व्होल्टेजचं गुणोत्तर काढते. बॅटरी थोडी खालीवर झाली किंवा प्रीसेट कुठेही फिरवला तरी ओहमचा आकडा बदलत नाही. मग ओहममध्ये चूक आहे म्हणजे चूक आतल्या रेझिस्टन्समध्ये आहे, दुसरं कारण उरत नाही.

चुकीची चाल पाहा. २०० ओहमवर सुमारे ७.७ टक्के कमी. २००० वर ०.८ टक्के. २० किलोवर ०.१ टक्क्याच्या आसपास. २०० किलोवर शून्य. रेंज दहापट होते तशी चूक दहापट घटते. आतली रेझिस्टन्सची साखळी अशी आहे: ५४८ किलो, ३५२ किलो, ९० किलो, ९ किलो, ९०० आणि सगळ्यात तळाला १०० ओहम. बेरीज १ मेगओहम. २०० ओहमच्या रेंजला तळाचा १०० एकटाच वापरला जातो. २००० ला १०० आणि ९०० मिळून १०००. २० किलोला आणखी ९ किलो मिळून १०,०००. असं वर वर. तळाचा १०० ओहमवाला वाढलेला असेल तर २०० च्या रेंजवर त्याची पूर्ण चूक दिसते, पुढच्या प्रत्येक रेंजवर ती दहात एक उरते. दुसरा कुठलाही रेझिस्टन्स बिघडला असता तर ही चाल आली नसती. समजा ९०० वाला वाढला असता, तर २०० ओहमची रेंज ठणठणीत राहिली असती आणि चूक २००० पासून सुरू झाली असती.

किती वाढला तेही इथूनच निघतं: ९९.८ भागिले ९२.१, म्हणजे सुमारे १.०८४. रेझिस्टन्स १०८.४ ओहमच्या आसपास असणार. करपलेला तोच.

आता व्होल्ट. तीच साखळी व्होल्टेज विभागायलाही आहे. १००० व्होल्ट आणि एसी ७५० च्या रेंजला तळाच्या १०० ओहमवरचा व्होल्टेज चिपला मिळतो. तो ८.४ टक्के वाढलेला, तर या रेंजवर आकडा ८.४ टक्के जास्त यायला हवा. सॉकेटमध्ये २३१ असताना मीटरने २५० दाखवायला हवं होतं. दाखवतो २३१. आणि खालच्या रेंजा, ज्यांना या रेझिस्टन्सचा फारसा संबंध नाही, त्या ७.७ टक्के कमी.

म्हणजे कोणीतरी सॉकेटमध्ये २५० पाहिले, मीटर जास्त दाखवतो असं ठरवलं आणि २३० येईपर्यंत प्रीसेट फिरवला. एक रेंज बरोबर दिसली, बाकी सगळ्या बिघडल्या. प्रीसेटचा परिणाम व्होल्ट आणि करंटच्या सगळ्या रेंजांवर सारखा होतो, म्हणूनच करंटही ७.८ टक्के कमी आहे. शंटमध्ये दोष नाही, हेही त्याच आकड्याने सांगितलं. २०० व्होल्टच्या रेंजवर चूक थोडी कमी, ६.८ टक्के, कारण तिथे प्रीसेटची उणे ७.७ आणि बिघडलेल्या रेझिस्टन्सची अधिक ०.८ एकत्र येतात.

पडताळा: मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवला, प्रीसेटच्या मधल्या पायापासून कॉम सॉकेटपर्यंत दुसऱ्या मीटरने मोजलं. १०८.४ मिलिव्होल्ट. इथे १००.० हवेत. ७१०६ चा आकडा म्हणजे आलेला व्होल्टेज भागिले संदर्भ, गुणिले १०००. संदर्भ ८.४ टक्के वाढवला की आकडा ७.७ टक्के घटतो. कागदावरचा हिशोब आणि बोर्डावरचा आकडा जुळला.

या सगळ्याला सोल्डरिंग आयर्न लागलेलं नाही. कितीदा आधी प्रीसेटच हलवला जातो, आणि मग दोन दोष एकमेकांत गुंततात. मीटरचा प्रीसेट ही शेवटची पायरी आहे. ओहमच्या सगळ्या रेंजा बरोबर आल्याशिवाय त्याला हात लावू नये.

१०० ओहम जळला कसा? मीटर २०० ओहमवर असताना पिना मेन्समध्ये गेल्या असणार. ओहमच्या रेंजवर हाच रेझिस्टन्स पिनांच्या थेट वाटेत असतो. बोर्डावरच्या संरक्षणाने चिप वाचवली, रेझिस्टन्सने मार खाल्ला. पूर्ण तुटला असता तर दोष लगेच कळला असता. नुसता वाढला म्हणून लपला.

२२ जून, शनिवार

एक टक्क्याच्या १०० ओहम, पाव वॉट मेटल फिल्मची दहाची पट्टी आणली. मूळचा रेझिस्टन्स अर्धा टक्का किंवा त्याहून चांगला असतो. तसा सुटा एखादाच मिळणं कठीण, म्हणून दहांतून निवडायचा. दुसऱ्या मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या: ०.२ ओहम. ते वजा करून दहाही मोजले. ९९.६ ते १००.३ च्या दरम्यान होते, दोन जण १००.० वर. त्यातला एक घेतला. मोजताना रेझिस्टन्स दोन बोटांत धरायचा नाही, मगर क्लिपमध्ये धरायचा. १०० ओहमला बोटांच्या त्वचेने फरक पडत नाही, पण मोठ्या किमतींना पडतो आणि सवय एकच असलेली बरी.

जुना काढताना २५ वॉटचं आयर्न, दर पायाला दोन-तीन सेकंद. डिसोल्डरिंगची जाळी ठेवून सोल्डर शोषून घेतला, मग चिमट्याने पाय ओढला. आधी ओढून मग तापवलं तर तांब्याचं पॅड उचकटतं आणि स्वस्त बोर्डावर ते फार लवकर उचकटतं. सुटा काढून मोजला: १०८.५. नवा बसवला, ६०/४० चं रोझिनचं सोल्डर.

नव्याने ओहम:
९९.८ – ९९.८
९९८ – ९९८
१०.०३ – १०.०३
९९.९ – ९९.९
आणि २००० किलोच्या रेंजवर १ मेगचा रेझिस्टन्स: १००२ – ९८४

शेवटचा आकडा नवा दोष आहे, आणि तो आपणच घातलेला. सोल्डरिंगनंतर फ्लक्स (सोल्डरमधल्या रोझिनचा उरलेला चिकट थर) काढायला ब्रशला थोडंसं अल्कोहोल लावून घासलं होतं. थोड्या अल्कोहोलने फ्लक्स निघत नाही, विरघळून पातळ थरासारखा पसरतो. तो थर नॉबच्या पट्ट्यांपासून सॉकेटपर्यंत गेला. त्यात जून महिन्याची दमट हवा. १ मेगच्या शेजारी ५०-६० मेगचा चोरटा रस्ता तयार झाला की आकडा बरोबर एवढाच उतरतो. लहान रेंजांवर हे कधीच दिसत नाही, म्हणून दुरुस्तीनंतर २००० किलोची रेंज न चुकता तपासावी. बोर्ड किती स्वच्छ आहे ते तीच सांगते.

उपाय: बोर्ड तिरका धरून वरून भरपूर अल्कोहोल सोडलं, ब्रशने खालच्या दिशेनेच ओढलं, खाली टिपकागद. काच आणि झेब्रा आधीच काढून ठेवली होती. मग ६० वॉटच्या बल्बखाली वीतभर अंतरावर तासभर. बल्ब फार जवळ नको, प्लास्टिक वाकतं. पट्ट्यांवरची जेली या धुण्यात गेली, ती परत लावली. नंतर: १००२ – १००१. पुरेसं आहे.

२३ जून, रविवार

ओहम बरोबर, तर आता प्रीसेट.

काल तापलेला बोर्ड रात्रभर थंड झालेला आहे. सोल्डरिंगनंतर लगेच जुळवणी केली तर बोर्ड थंड होता होता आकडा सरकतो. प्रीसेट आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवला. आतल्या कार्बनच्या पट्टीवर सरकता संपर्क असतो, तो एकाच जागी बसून राहिला की मळतो आणि आकडा उड्या मारतो.

जुळवणी २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर करावी. तिथे आलेला व्होल्टेज न विभागता चिपकडे जातो, म्हणून प्रीसेटशिवाय दुसऱ्या कशाचा परिणाम नाही. पेन्सिल सेलवर ८.२ किलो आणि १ किलो एका ओळीत, १ किलोवरचा व्होल्टेज दोन्ही मीटरना. दुसऱ्या मीटरवर १७२.४. आपल्यावर १७२.४ येईपर्यंत प्रीसेट फिरवला. प्रीसेटच्या मधल्या पायावर आता १००.० मिलिव्होल्ट.

जवळ दुसरा मीटरच नसेल तर टीएल-४३१ ही ठरावीक व्होल्टेज देणारी तीन पायांची आयसी घ्यावी. तिचा रेफरन्सचा पाय कॅथोडला जोडायचा, ९ व्होल्टच्या बॅटरीतून १ किलोओहममार्गे करंट द्यायचा. कॅथोड आणि ॲनोडमध्ये २.४९५ व्होल्ट मिळतात. १ टक्क्याची जात घेतली तर खरी किंमत २.४७ ते २.५२ मध्ये कुठेतरी असेल. जुळवणी तेवढीच अचूक होईल, पण आठ टक्क्यांची चूक पकडायला ती भरपूर आहे.

जुळवणीनंतर:
१५८३ – १५८३
९.३१ – ९.३१
२७.८ – २७.८
करंट १०२.६ – १०२.६

शेवटचा अंक इतका जुळला म्हणून हुरळून जाऊ नये. दुसरा मीटरच अर्ध्या टक्क्याचा आहे. हे दोन मीटर एकमेकांशी जुळले आहेत, एवढंच.

प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक थेंब. वाळल्यावर आकडा पुन्हा पाहिला, हललेला नाही.

आता उतरलेल्या बॅटरीचा प्रयोग. ६.३ व्होल्टवर आलेली जुनी ६एफ२२ लावली. तोच सेल १७०४ दाखवतो. प्लसपासून कॉमनपर्यंतचे २.९५ व्होल्ट आता २.७४ झालेत. चिपला पुरवठा सुमारे ७ व्होल्टच्या खाली गेला की कॉमनची पातळी धरून ठेवता येत नाही. संदर्भ त्याच कॉमनवरून घेतलेला असतो, म्हणून तोही घटतो आणि आकडा फुगतो. बॅटरी संपत आली की मीटर जास्त दाखवतो, कमी नाही. काच मात्र ठळकच दिसते, त्यामुळे संशय येत नाही. या बोर्डावर बॅटरी उतरल्याची खूण जोडलेलीच नाही. म्हणून झाकणाच्या आत कागद चिकटवला: ‘७.५ खाली बॅटरी बदला’. याच बॅटरीवर ९९.८ ओहमचा रेझिस्टन्स ९९.८ च दाखवतो.

२९ जून, शनिवार

पिना. वायर हलवली की २०० ओहमच्या रेंजवर आकडा ०.४ वरून ३, मग १, असा नाचत होता. या वायरींमध्ये तांब्याच्या अगदी थोड्या तारा असतात आणि त्या प्लगच्या मानेशी तुटतात, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथे येतो. दोन्ही प्लग कापले, सिलिकॉन वेष्टनाची मऊ वायर लावली, मानेवर दोन थर हीट-श्रिंक नळी, आतली छोटी, बाहेरची तिच्यापेक्षा सेंटिमीटरभर लांब, म्हणजे वायर एकाच ठिकाणी मोडत नाही. पिनांची टोकंही नळीत घेतली, फक्त ३ मिलिमीटर उघडी. लांब उघडी पिन आयसीच्या दोन पायांना एकदम टेकते. आता पिना टेकवल्या की ०.२, हलवल्या तरी ०.२.

६ जुलै, शनिवार

दोन आठवड्यांच्या पावसाळी हवेनंतर सगळे आकडे पुन्हा घेतले. व्होल्ट, ओहम, करंट जागेवर. २००० किलोवर १ मेगचा १०००.

एसीची रेंज आज नीट पाहिली. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, दोन टोकांत २५.६ – २५.१. हा दोष नाही. या मीटरमध्ये एसीसाठी एकच डायोड आहे, तो अर्धीच लाट घेतो आणि साखळीत ५४८ किलोच्या खाली सोडतो. त्या खालची बेरीज ४५२ किलो. अर्ध्या लाटेची सरासरी मूळ किमतीच्या ०.४५ पट असते, त्याची भरपाई या जागेवरून होते. साखळीचे ५४८ आणि ३५२ असे विचित्र आकडे त्यासाठीच आहेत. डायोडवर थोडा व्होल्टेज जातो, तो २५ व्होल्टला अर्ध्या व्होल्टसारखा जाणवतो, २३० ला जाणवत नाही. आणखी एक: एसी २०० वर ९ व्होल्टची बॅटरी सुलट लावली तर १९ च्या आसपास, उलट लावली तर शून्य. बॅटरीवर एसी आहे असं त्यावरून समजू नये. इन्व्हर्टर किंवा डिमरची वाकडी लाट या रेंजवर खरी मोजली जात नाही.

सॉकेट: २३३ – २३२. १०० ओहम बदलल्यावरही ही रेंज बरोबर, आणि आता बाकीच्यांबरोबर बरोबर.

तरी हा मीटर मेन्सच्या कामाला परत द्यायचा नाही. १० अँपिअरच्या सॉकेटला फ्यूजच नाही, आत थेट जाड तारेचा ०.०१ ओहमचा शंट आहे. बाकीचा फ्यूज काचेचा, मोठा शॉर्ट सर्किट करंट तोडायला बनलेला नाही. बोर्डावरच्या पट्ट्यांमधलं अंतर कमी. वर १००० व्होल्ट छापलेले असले तरी आतली मांडणी त्या आकड्याला पेलत नाही. शिवाय हा बोर्ड एकदा मेन्सचा मार खाऊन बसला आहे. सेल, चार्जर, एलईडीच्या पट्ट्या, मोटारसायकलची बॅटरी, लहान सर्किटं यांना तो उत्तम आहे.

१० अँपिअरच्या सॉकेटमध्ये रबरी बूच बसवलं. नॉबच्या एसी ७५० आणि डीसी १००० च्या खुणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके. डब्यावर पांढरी पट्टी: ‘५० व्होल्टच्या आत. प्रीसेट २३-६-२४ ला लावला, हलवू नये. आधी बॅटरी बघा.’

खर्च: फ्यूज, रेझिस्टन्सची पट्टी, बॅटरीची क्लिप, सिलिकॉन वायर. उरलेले नऊ रेझिस्टन्स किमती लिहून पाकिटात ठेवले. दुसरा १००.० वाला वेगळ्या पुडीत, हाच मीटर पुढे तपासायला.